कळस दिसला तर

विमान चालवायला काळीज लागतं म्हणतात. काळीज काय, कोंबडीलाही असतं! विमानाला डोळे लागतात, आणि १९४१ साली बीदरच्या मैदानावर शिकणाऱ्या आम्हा सहाजणांत माझ्याइतके चांगले डोळे कुणाचेच नव्हते.

आमचे शिक्षक पक्के हैदराबादी. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी आभाळाची वाटणी सांगितली. मैदानाभोवतीचं आभाळ पहाऱ्यातलं. बुरुजावरचा हिरवा दिवा दिसल्याशिवाय तिथं शिरायचं नाही. त्यापलीकडचं मोकळं. पण तिथं दिवा दाखवायला कुणी नाही, म्हणून समोर तीन मैल दिसलं पाहिजे आणि ढगाच्या पाचशे फूट खाली राहिलं पाहिजे. नाहीतर परत फिरायचं.

"तीन मैल कितना होता, मालूम?" उस्तादांनी विचारलं.

मी म्हणालो, "आमच्या येरमाळ्याला शेतातून डोंगरावरच्या येडाईच्या देवळाचा कळस दिसतो, तेवढं."

आई, सिताबाई, कळस दिसला तरच मेंढरं डोंगराकडं सोडायची. धुक्यात लांडगा आपल्याआधी मेंढरू बघतो, हा तिचा हिशेब. उस्ताद हसले, पण नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर तीन मैलच भरले.

लायसनच्या परीक्षेला मी येरमाळ्याचीच वाट मागून घेतली. एकट्यानं जायचं, देवीच्या डोंगराला फेरी मारायची, परत यायचं. गावाला कार्ड टाकलं: 'बुधवारी सकाळी येतो. आईनं डोंगरावर लाल लुगडं पसरावं.' चुलते हरिबा यांनी दवंडीच पिटली म्हणे.

श्रावणातला बुधवार. तेरणा नदीच्या पलीकडे ढग खाली बसू लागले. मीही खाली आलो. आमच्या शेतातली विहीर दिसली, बाभूळ दिसली. मान वर केली तर समोर नुसता पांढरा पडदा. डोंगर नाही, कळस नाही.

सगळं गाव तिथं माना वर करून उभं असणार. फेरी न मारता गेलो तर लायसनही लांबणीवर. डोंगर तर माझा तळहात! डोळे मिटूनही गेलो असतो, असं वाटलं, आणि मिटल्या डोळ्यांचा विचार आला म्हणूनच मी घाबरलो. खरंच घाबरलो. विहिरीवरच वळण घेतलं.

बीदरला उतरल्यावर उस्तादांनी विचारलं, "फेरी हुई?"

"नाही. कळस दिसला नाही."

"तो फिर जाना," एवढंच म्हणून ते चहाला गेले. सोमवारी लख्ख ऊन होतं. फेरी झाली, लायसन मिळालं.

दिवाळीला गावी गेलो तर हरिबाकाकांनी पारावरच गाठलं. "महारुद्रा, बुधवारी अख्खं गाव डोंगरावर भिजलं. तुझा नुसता आवाज आला अन् गेला. भ्यालास व्हय रं?"

माणसं हसली. मी मान खाली घालून घरी आलो आणि आईला म्हणालो, "त्या दिवशी तुला उगंच लुगडं घेऊन ताटकळत ठेवलं."

"म्या कुठं गेलते डोंगरावर?" आई म्हणाली. "शेतातनं कळस दिसंना. म्हनलं, आज पोरगं तिकडं जायचं न्हाय. मेंढरं बी सोडली न्हाईत. विहिरीपाशीच बसले हुते. माझ्याच डोक्यावरनं वळलास की."