गळपट्ट्याची मेंढी

घरच्यांचीही भीड न ठेवणारी पोर म्हणून आकांक्षा तिच्या गावात, धावड्यात, लहानपणापासून प्रसिद्ध होती, आणि घात झाला तो त्या गुणानेच.

संभाजीनगरच्या एका संशोधन संस्थेत ती तीन वर्षं एकच काम करत होती. मेंढपाळ कुठून उठतात, कुठे बसतात आणि का, हे संगणकाला शिकवायचं. मग पुढच्या साली ते कुठे असतील हे त्याने आधीच सांगावं आणि लस, पाणी, डॉक्टर तिथे वेळेवर पोचावेत. काम चांगलं होतं, यात शंका नाही. वीस कळपांतल्या एकेका मेंढीच्या गळ्यात तिने ठिकाण कळवणारा पट्टा बांधला होता. त्यातला एक कळप कचरूमामांचा. मामा आणि त्यांची बायको सगुणाबाई वर्षानुवर्षं होळीनंतर धावड्याला यायचे आणि आकांक्षाच्या वडिलांच्या, बद्रीनाथांच्या रिकाम्या रानात आठ दिवस मेंढ्या बसवायचे. रानाला लेंडीखत मिळायचं, त्यांना ज्वारी आणि विहिरीचं पाणी.

पट्टा बांधायच्या दिवशी सगुणाबाईंनी कळपातून स्वतः एक मेंढी ओढून आणली. "हिच्याच गळ्यात बांध," म्हणाल्या आणि गालात हसल्या. का, ते आकांक्षाने विचारलं नाही. तिला फॉर्म भरायचा होता. मुक्काम हलवण्याचं कारण काय? चारा, पाणी, धान्य, रोगराई की इतर? परतूरच्या हिवाळी मुक्कामाला मामांनी चारा सांगितला. धावड्याला मात्र 'इतर' म्हणाले.

"इतर म्हणजे काय, मामा?"

"ते कारभारणीला इचार. तिकडं वळायचं ती ठरविती. मी निस्ता मागं चालून राह्यलो."

कारभारीण चार पावलांवर भाकरी थापत होती. पण अजून दोन कळप गाठायचे होते, आणि फॉर्मवर नाव कुटुंबप्रमुखाचंच होतं. आकांक्षा उठली.

पुढे संगणकालाही धावडा पटेना. परतूरकडे चारापाणी असताना हा कळप दरसाल आठ-दहा दिवसांची वाट तुडवून वर का येतो, काही केल्या उलगडेना. आकांक्षाच्या मनात आलं, आपल्याच घरचं रान आहे, कुणी म्हणेल पोरीने घरची सोय पाहिली. तिने धावड्याच्या सगळ्या नोंदी चूक ठरवून पुसून टाकल्या. संगणकातलं अंदाजाचं मॉडेल लगेच सुधारलं आणि साहेबांनी पाठ थोपटली.

माघात बद्रीनाथांचा फोन आला. "औंदा हिरीला पाणी हाय. उन्हाळी मका पेरावी म्हन्तो, पर कचरूचा कळप यायचाय. काय करू?"

कचरूमामांचा नंबर तिच्याच फोनमध्ये होता. एक फोन पुरला असता. पण मग मॉडेल कशाला केलं होतं? तिने मॉडेलला विचारलं.

"न्हाई येत ते, दादा. परतूरकडं बक्कळ चारा हाय. पेरा तुम्ही."

"न चुकता येतेत बरं का ते."

"बिलकुल न्हाई येत."

बद्रीनाथांनी पेरलं. शिकलेल्या लेकीपुढे बापाचं किती चालणार?

होळीला ती गावी आली, तेव्हा नकाशावरचा ठिपका परतूरहून वर सरकू लागला होता. भोकरदनपर्यंत तिने मनाला समजावलं, वळेल कुठे तरी. फोन करायचा धीर तिला झाला नाही. आणि एका सकाळी कळप बांधावर येऊन उभा राहिला.

रानात गुडघाभर मका होती. शिवारात औंदा सगळ्यांनीच पेरलं होतं, बसायला जागा कुठेच नव्हती. मेंढ्या दमल्या होत्या. कचरूमामांनी मक्याकडे पाहिलं आणि काठीवर रेलून उभे राहिले.

"पोरीनं सांगितलं, तुम्ही न्हाई येत म्हून," बद्रीनाथ खाली बघत म्हणाले.

सगुणाबाईंनी पट्ट्याची मेंढी पुढे ओढली. "वळखलीस का हिला?" त्यांनी आकांक्षाला विचारलं. "तू सात वर्षांची होतीस. याच रानात एक कोकरू जगत न्हाई म्हून आम्ही टाकून देल्तं. तू वातीनं दूध पाजून जगविलंस. मी म्हन्ले, हे तुझं, माझ्याकडं वाट्यानं राहील, पिल्लं निम्मी तुझी, निम्मी माझी. ही त्याच्याच वेलातली. वाट्याचं जनावर दरसाल धन्याला दाखवाया लागतं, रिवाज हाय. तू शिकाया गेलीस, घरी नसायचीस, तरी मी आणून राह्यले."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन वर्षं आकांक्षा जो ठिपका बघत होती तो तिच्याच मेंढीचा होता. कळप धावड्याला वळत होता तो तिच्यासाठी, आणि चूक म्हणून तिने पुसलं होतं ते हेच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, चुकलं माझं. मका मोडू आपण, आजच मोडू."

"उभं पीक मोडून मेंढ्या बसवत न्हाईत, बाई." सगुणाबाईंच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी मेंढीची दोरी आकांक्षाच्या हातात दिली. "आता वाटा मोडला. तुझी तू सांभाळ."

कळप आल्या वाटेने परत फिरला. मेंढी दिवसभर त्या दिशेला तोंड करून ओरडत राहिली.

संभाजीनगरला जाऊन आकांक्षाने पुसलेल्या नोंदी पुन्हा भरल्या आणि 'इतर'पुढे स्वतःचं नाव लिहिलं. मॉडेल बिघडलं, साहेब नाराज झाले. तिला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या साली बद्रीनाथांनी रान रिकामं ठेवलं. होळी झाली, रंगपंचमी झाली, पाडवाही गेला. कळप आला नाही. नकाशावर कचरूमामांचा ठिपका मात्र धावड्यातच होता, बद्रीनाथांच्या गोठ्यात, खुंट्याला बांधलेला.