शंभर टक्क्यांनी दमलेली बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे. घड्याळातली नव्हे आणि खेळण्यातली तर मुळीच नव्हे. विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या पोटाखाली आडवी पसरलेली, तीनशे किलो वजनाची बॅटरी. बसा मित्रांनो, पण घाई करू नका. हल्ली मला भरभर काही जमत नाही. बोलणेसुद्धा दमादमानेच होईल.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्याला टोपी आणि हातांत मोजे घालून वावरत. धुळीचा एक कण दिसला तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. त्यांनी लहान लहान सेल जोडून गट केले, असे चोवीस गट एका पेटीत बसवले आणि वर झाकण घट्ट आवळून मला बंद केले. सगळ्या गटांनी एकजुटीने चालायचे. एक जरी दमला तरी बाकीच्यांनी त्याच्यापाशी थांबायचे, हा आमचा नियम. तेव्हा मला तो फार चांगला वाटला होता. पुढे त्यानेच माझ्या नाकी नऊ आणले.

माझी मालकीण नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती त्यांच्या जखमा धुते, पट्ट्या बदलते, कूस पालटून देते. दिवसाला अकरा घरे. पहिली तीन वर्षे मी मोठ्या झोकात काढली. एकदा भरले की दोनशे किलोमीटर बिनघोर. चढ आला की बाकीच्या गाड्या घरघरत, मी मात्र चकार शब्द न काढता वर. "आवाज नाही, धूर नाही, किती गुणाची आहे," असे शेजारीण म्हणायची. कौतुक कुणाला नको असते? मीही हुरळून जायचे.

नर्सचा नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात ती आणि तिचे सासरे असे दोघेच. सासऱ्यांनी चौतीस वर्षे पाणीपुरवठ्याच्या पंपावर काम केले होते. त्यांच्या पाळीत टाकी कधी रिकामी पडली नाही, म्हणून गल्लीत त्यांना अजूनही 'टाकीवाले' म्हणतात. निवृत्त झाल्यावर दिवस खायला उठलेला. मी घरी आले त्याच दिवशी त्यांनी सुनेला सांगून टाकले, "तू तुझे पेशंट बघ, पोरी. गाडीचं मी बघतो."

आणि त्यांनी बघितले, हो! डोळ्यांत तेल घालून बघितले. रोज सकाळी फडके मारायचे, वायरीचा पीळ काढायचा, तिचे वेटोळे नीट खुंटीला अडकवायचे. पण खरा जीव माझ्यात वीज भरण्यात. नर्स दोन गल्ल्या पलीकडे जाऊन आली, चार्जचा आकडा शंभर टक्क्यांवरून सत्त्याण्णव झाला, की लगेच वायर माझ्या तोंडात. "अर्धवट ठेवायचं नाही," ते म्हणत. "कुणाचा कधी फोन येईल, काय सांगावं?" सुट्टीच्या दिवशी तर मी शंभरावर भरलेली, दिवसभर उन्हात उभी. माझ्या गाडीत मध्येच आपोआप थांबण्याची सोय नाही. एकदा वायर लागली की शंभर गाठल्याशिवाय सुटका नाही.

मित्रांनो, पोटभर जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा ताटावर बसवावे, आणि असे रोज करावे, तसे माझे झाले. काठोकाठ भरून राहण्याचा आम्हांला त्रास होतो. ऊन असले तर फारच. आतून मी झिजत होते. पण टाकीवाल्यांना पूर्ण भरल्याचा हिरवा दिवा दिसला की त्यांचा चेहरा असा खुलायचा, की मला त्यांचा राग कधी धरताच आला नाही.

सहाव्या वर्षी माझे दोन गट थकले. दोघे दमले की बावीसजणांची धाव संपली. दोनशेचे नव्वद किलोमीटर झाले. एका सकाळी टेकडीवरच्या वस्तीचा चढ चढताना आकडा एकतीसवरून एकदम सहावर घसरला आणि माझा जीव मेटाकुटीला आला. गाडी रांगू लागली, मग थांबलीच. नर्सने पिशवी खांद्याला लावली आणि उरलेला चढ पायी चढली. वर एका आजींच्या पाठीवरची जखम पट्टीची वाट बघत होती. मी रस्त्याच्या कडेला लाजेने मेल्यासारखी पडून राहिले.

कंपनीच्या वर्कशॉपमधल्या माणसाने मला उघडलेसुद्धा नाही. "अख्खी बॅटरी बदला," तो म्हणाला. "नवी यायला चार महिने. ही भंगारात." चार महिने अकरा घरे कशी करायची? नर्सचे तोंड उतरले. टाकीवाले तर त्या दिवशी जेवलेच नाहीत.

मग कुणीतरी पानाताईंचे नाव सांगितले. हातात सदा पाना, म्हणून हे नाव. एका जुन्या गोदामात त्या एकट्या असल्या बॅटऱ्या दुरुस्त करतात. त्यांनी आधी अंगठी आणि बांगड्या काढून डब्यात ठेवल्या, कोपरापर्यंत जाड रबरी मोजे चढवले, माझा सुरक्षेचा खटका काढला आणि उरलीसुरली वीज विरेपर्यंत थोडा वेळ थांबल्या. मला घाई न करणारे पहिलेच माणूस भेटले! मग संगणक जोडून त्यांनी माझी सहा वर्षे वाचून काढली.

"रोज शंभर," त्या म्हणाल्या. "शंभरावर भरून दिवस दिवस उभी, तीही उन्हात. एवढं भरून कोण ठेवतं हो? अर्धा जीव त्यानंच गेलाय हिचा."

टाकीवाले कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. नर्सने एकदाच त्यांच्याकडे पाहिले.

"मीच ठेवते," ती म्हणाली. "सवयच आहे मला तशी."

खरे काय ते मला माहीत होते. पण मला बोलता आले असते, तरी मी बोलले नसते.

पानाताईंनी माझे दोन थकलेले गट काढले. त्यांच्या जागी नवेकोरे घातले नाहीत, कारण तरण्याताठ्यांना म्हाताऱ्यांच्या रांगेत चालवले की दोघांचेही हाल होतात. अपघातात चेपलेल्या एका गाडीतले, माझ्याच वयाचे दोन गट त्यांनी शोधून बसवले. "तीन-चार वर्षं काढेल," त्या म्हणाल्या. "ऐंशीला वायर काढायची. लांब जायचं असेल तेव्हाच शंभर."

घरी आल्यावर टाकीवाल्यांनी अंगणातच विचारले, "खोटं कशाला बोललीस?"

"कुठं काय, बाबा?"

"मी सांभाळतोय म्हणत होतो, आणि मीच हिला मारत होतो." त्यांनी वायर तिच्या हातात दिली आणि ते आत गेले.

त्यानंतर ते अंगणात आले नाहीत. फडके नाही, विचारपूस नाही. चहासुद्धा आतच. मित्रांनो, शंभराचा ताण मी सहा वर्षे सोसला. पण त्या नऊ दिवसांनी मला जास्त थकवले. माझे दोन गट बदलता आले. त्यांचे काय बदलणार होते?

दहाव्या दिवशी दुपारी नर्स पहिली फेरी आटोपून आली. वायर लावून म्हणाली, "तासाभरानं काढते," आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. साठ. सत्तर. ऐंशी झाले, कुणी आले नाही. ब्याऐंशी. वरून ऊन तापत होते.

खिडकीत टाकीवाले उभे होते. त्यांनी आत झोपलेल्या सुनेकडे पाहिले. मग माझ्याकडे. चौऱ्याऐंशीला दार उघडले. ते अनवाणीच तापलेल्या फरशीवरून आले, दोन्ही हातांनी वायर धरली आणि खेचून काढली.

"पुरे," ते माझ्यावर हात ठेवून म्हणाले. "पुरे आता, बाई."

नर्स दचकून जागी झाली. दारात येऊन तिने आकडा पाहिला. "बाबा, माझ्याच्यानं हे होत नाही. उद्यापासून तुम्हीच बघा."

"आणि पुन्हा चुकलो तर?"

"तर या वेळी मी सांगेन. गप्प बसणार नाही."

मित्रांनो, मी आता थकले आहे. तीन-चार वर्षे आहेत हातात, तेवढी घरे मी करीन. पण तुमच्याकडे एक मागणे आहे. तुम्ही ज्याला जपता, त्याला अधूनमधून विचारत जा, की बाबा रे, पुरे का? आणि तुम्हांला कुणी फारच जपत असेल, तर त्या माणसाला पुरे म्हणायला लाजू नका. मला बोलता येत नव्हते, म्हणून माझा अर्धा जीव गेला. तुम्हांला तर येते.