दोन-दोनचा ठोका

मित्रांनो, मी एक जुना केंटोंगन आहे. फणसाच्या लाकडाचा, हातभर लांब, आतून पोकळ आणि पोटावर उभी फट असलेला. जावा बेटावरच्या एका गावात, कापडावर मेणाने नक्षी काढणाऱ्या तुमिनीबाईंच्या पडवीत मी टांगलेला आहे. काठीने माझ्यावर ठोका दिला की आवाज चार शेतांपलीकडे जातो. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरे, थोडे फुशारकीनेच सांगतो.

मला घडवले ते तुमिनीबाईंचे सासरे विर्योबाबा यांनी. अंगणातले फणसाचे झाड वादळात पडले, तेव्हा ज्याने मागितले त्याला त्यांनी लाकूड दिले, पण बुंध्याजवळचा एक तुकडा कुणाला दिला नाही. महिनाभर ते माझे पोट कोरत बसले. थोडे कोरायचे, ठोका द्यायचा, कान लावायचा आणि ‘अजून नाही’ म्हणून पुन्हा छिन्नी उचलायची. एके दिवशी मात्र ठोका दिल्यावर ते नुसतेच हसले. मग त्यांनी माझ्यासाठी चिंचेच्या लाकडाची काठी केली.

आमच्या गावात ठोक्यांची भाषा सगळ्यांना येते. तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे पूर आणि दोन-दोन म्हणजे घरात चोर. ईदच्या आदल्या दिवशी आणि ईदच्या सकाळी मुले घरोघरचे केंटोंगन आनंदाने बडवत सुटतात. तेव्हा विर्योबाबा पडवीतून ओरडायचे, "हवं तसं वाजवा रे! पण खेळात दोन-दोन वाजवलंत तर एकेकाचा कान उपटीन. या लाकडाला खोटं बोलायची सवय लागली, तर खऱ्या दिवशी कोण ऐकेल?" मुले तोंडे वेडावायची, पण दोन-दोन वाजवायची नाहीत. बाबा गेले, तरी ही शिस्त राहिली.

माझ्या ऐन उमेदीत शेजारच्या जुमादींची मागची खिडकी उचकटणारा एक माणूस माझा आवाज ऐकून एक चप्पल टाकून पळाला होता. ती चप्पल बाबांनी कितीतरी दिवस माझ्या शेजारच्या खिळ्याला टांगली होती. माझे पदकच ते!

मग तुमिनीबाईंचा मुलगा प्रिहादी सुराबायाला नोकरीला लागला आणि एका सुट्टीत पांढरी पेटी घेऊन आला. स्वयंपाकघरात त्याने हालचाल टिपणारा एक डोळा बसवला. "आई, कुणी घुसलं की हा डोळा बघतो आणि पेटी आपोआप बोंबलते. ठोकत बसायला नको."

"आणि बाबांच्या लाकडाचं काय?"

"राहू दे की, शोभेला."

शोभेला! मित्रांनो, तो शब्द मला फार लागला. माझ्या फटीत गांधीलमाश्यांनी घर केले. माझी काठी मधल्या खोलीची खिडकी वर उचलून धरायला टेकू म्हणून गेली.

पेटी इमानदार होती, पण डोळा फारच खाली बसवलेला. घरची मांजर चुलीकडे निघाली की पेटी बोंबले. पहिल्या दिवशी सारी आळी धावत आली. दुसऱ्या दिवशी निम्मी आली. पुढे कुणी मानही वळवेना. जुमादी कुंपणावरून म्हणत, "वहिनी, तुमच्या मांजरीला माझा सलाम सांगा हो!" तुमिनीबाईंनी फोनवर मुलाला सांगितले, तर तो म्हणाला, "ईदला आलो की डोळा वर बसवतो."

ईदला तो आला, पण पाहुण्यांच्या गडबडीत ते काम राहिलेच. त्यातच आठ दिवसांनी त्याची बहीण वेनिंग हिचे लग्न होते. तिच्यासाठी तुमिनीबाईंनी आठ महिने खपून एक कापड केले होते. त्याचे दोन तुकडे करून एक नवरीने नेसायचा, दुसरा नवऱ्याने. ते कापड स्वयंपाकघरालगतच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेत होते. हरवले असते, तर आठ दिवसांत तसे दुसरे होणे शक्यच नव्हते.

ईदच्या सकाळी सारे गाव नमाजाला मैदानावर निघाले. लग्न ठरलेल्या मुलीने काही दिवस उंबरा ओलांडायचा नाही, अशी इथली रीत आहे. म्हणून वेनिंग घरी राहिली. पेटी चालू करून प्रिहादी म्हणाला, "मधल्या खोलीतच बस. स्वयंपाकघरात गेलीस तर ही बोंबलेल."

"म्हणजे मांजर मोकळी आणि मी कैदेत? छान!"

थोड्याच वेळात दोन चोर मागच्या दाराने घुसले. पेटी जीव तोडून बोंबलली. पुढे मैदानावर काय झाले, ते मी नंतर शंभरदा ऐकले आहे. नमाज होऊन प्रवचन चालू होते. जुमादी पुटपुटले, "घ्या, मांजरीलाही ईद मुबारक!" लोक गालात हसले. तुमिनीबाईंनी लाजून मान खाली घातली. इकडे एक चोर दुसऱ्याला म्हणत होता, "बोंबलू दे. कुणी येत नाही." दोघांनी ट्रंक उचलली.

मधल्या खोलीत वेनिंगने आतून कडी घातली होती. तिने खिडकीचा टेकू काढला, खांद्याने झाप वर रेटली आणि पडवीत उडी मारली. हातात तोच टेकू होता. माझी काठी!

दोन-दोन. दोन-दोन. दोन-दोन.

मैदानावर जुमादी म्हणाले, "पोरांना जरा दम..." आणि मध्येच थांबले. तुमिनीबाई ताडकन उठल्या. मौलवीच ओरडले, "बसलात काय? पळा!" लुंग्या खोचून सारे गाव अनवाणी धावले. गुडघे दुखतात म्हणून घरी राहिलेल्या एका म्हाताऱ्याने गल्लीच्या तोंडचा बांबूचा अडसर खाली पाडला. ट्रंक घेऊन निघालेल्या चोरांची मोटरसायकल तिथे अडली. ट्रंक टाकून ते भातखाचरात पळाले आणि गुडघाभर चिखलात रुतले. कुणी हात उगारला, तर मौलवी मध्ये उभे राहिले आणि पोलीस येईपर्यंत हलले नाहीत.

तुमिनीबाईंनी ट्रंक उघडली, कापड छातीशी धरले आणि भर गल्लीत रडल्या. मग पडवीत येऊन माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. वेनिंगचे ठोके इतके जोराचे होते की माझ्या पोटावर एक चीर गेली. ती चीर मी आजही मिरवतो.

"माझं चुकलं, आई," प्रिहादी म्हणाला.

"मला काय सांगतोस? त्याला सांग."

त्याने खरेच मला हात जोडले. मग ईदच्या जेवणाआधी शिडीवर चढून डोळा वर बसवला आणि माझ्यातले गांधीलमाश्यांचे घर काढले. दोन डंख खाल्ले, ते ठीकच झाले. पेटीवर माझा राग नाही. बिचारीला रोज खोटे ओरडायला लावले, यात तिचा काय दोष? आता दर शुक्रवारी आळीला आधी कळवून आम्हा दोघांची चाचणी होते.

मित्रांनो, तुमच्या घराची राखण करणारे जे कुणी असेल, पेटी असो, कडी असो की कुत्रा असो, त्याची निगा राखा. त्याच्यात बिघाड दिसला तर सणाची वाट पाहू नका. आणि मजेखातर त्याला कधीही ओरडायला लावू नका.

लग्नाच्या दिवशी गावातली मुले माझ्याभोवती जमली. "वेनिंगताई, याला वाजवू?" त्यांनी विचारले. ते कापड नेसलेली वेनिंग म्हणाली, "वाजवा की! दोन-दोन सोडून काहीही." मला संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाने वाजवले. दोन-दोन मात्र कुणी वाजवले नाही.