कृष्णरावांना विचारल्याशिवाय

नाकाडोंगरीजवळच्या खाणीच्या हापिसातला कॉम्प्युटर बिघडलाय, हे तो दुरुस्त करणाऱ्या नागपूरच्या कंपनीला दोन महिने कुणी कळवलंच नाही. हापिसाच्या मते तो बिघडलाच नव्हता. त्यात कृष्णराव येऊन बसले होते.

कृष्णराव म्हणजे तो कॉम्प्युटर चालवणारे ऑपरेटर. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात ते यंत्रासमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांचे दिवस उरकले आणि यंत्र आतून टकटक करायला लागलं. हापिसानं दोन दिवस घाबरून घेतलं, मग त्या टकटकीला कामाला लावलं. प्रश्न विचारायचा, एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. बदली होईल का, म्हैस गाभण राहील का, सगळं विचारून झालं. शेवटी हजेरीचे कागद उलटसुलट छापून यायला लागले, तेव्हा वरच्या हापिसानं परस्पर तक्रार केली आणि इंजिनिअर केशवराव बॅग घेऊन हजर झाले.

यंत्राच्या डोक्यावर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी ठेवलेली होती.

"हे काय?"

"त्यायले लागे," गोपीचंद म्हणाला. तो कृष्णरावांच्या हाताखाली शिकलेला आणि आता त्यांच्या जागेवर. "पुडी नसली का दिवसभर आपटत रायते."

"अरे, डिस्कला हुकूम देणारं एक कार्ड असतं, कंट्रोलर. ते खराब झालंय. डिस्क आपली जागा शोधते, चुकते, पुन्हा शोधते. म्हणून टकटक."

"तेच म्हन्तो ना साहेब. मानूस गेल्यावर असंच होते."

केशवरावांनी बॅग उघडली. त्यांनी गोपीचंदला चहाला पिटाळलं, भिंतीतली पिन उपटली, मागचा पत्रा उघडला आणि जुनं कार्ड बाहेर ओढलं. तेवढ्यात पुष्पाबाई धावत आल्या, मागून चहा सांडत गोपीचंद. पुष्पाबाई म्हणजे कृष्णरावांची बायको. नवरा गेल्यावर त्यांना हापिसात पाणी भरायचं काम मिळालं होतं.

"साहेब, काढू नका! मले यायले एक विचाराचं हाय."

विचारायचं होतं ते मुलीचं, तुळसाचं. एकोडीच्या मुलाचं स्थळ होतं, धानाची शेती, आणि पोरीच्या मनात तोच भरलेला. मुलाकडचे आज निरोपाची वाट बघत होते. कृष्णराव जिवंतपणी या स्थळाला हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते; आणि बापाला विचारल्याशिवाय पोरगी द्यायला पुष्पाबाई तयार नव्हत्या.

"मंग दोन महिने काहून नाही विचारलं, काकू?" गोपीचंद म्हणाला.

"अन् नाही म्हनले तर?"

केशवरावांनी कार्ड पाठीमागे धरलं. वीज नाही, कार्ड नाही, यंत्र पुरतं मेलेलं. ते काही बोलायचं नाही आणि बाईला विचारल्याचं समाधान मिळेल. एसी एवढा घरघरत होता की यंत्र बंद आहे हे गोपीचंदच्याही लक्षात आलं नाही.

"विचारा," ते म्हणाले.

पुष्पाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "आयकता का? तुळसाले एकोडीले देऊन राहिलो. तुमचं काय म्हन्नं हाय?"

काही नाही. पुष्पाबाईंनी वाट पाहिली.

"पाहा!" त्यांच्या आवाजातली भीती जाऊन तिथे राग आला. "घरीबी असेच. पोरीचा विषय काढला का तोंडात खर्रा. नाही बोलत ना? नका बोलू. मी देऊन टाकतो पोरगी!"

आणि त्या ताडताड निघून गेल्या. एकोडीला निरोप्या धाडायला गोपीचंद त्यांच्या मागे गेला.

केशवराव एकटेच उरले. एसी आपोआप थांबला. खोलीत ऐकू येण्यासारखं काहीच राहिलं नाही.

टक.

केशवरावांनी हातातल्या कार्डाकडे पाहिलं. मग फरशीवर पडलेल्या वायरकडे पाहिलं. एकच असू दे, असं त्यांच्या मनात आलं. ज्या माणसाला आपण कधी भेटलोही नाही, त्याची आपण विनवणी करतो आहोत, हेही त्यांना कळलं.

टक.

गोपीचंद परत आला. "धाडला मानूस. साहेब, काही बोलले काय?"

"कोण? एसी बंद पडला, त्याचा आवाज आला."

"आवाज आला म्हन्ता? कितीक खेप?"

"गोपीचंद, चहा गार झालाय. दुसरा आण."

नवं कार्ड बसलं. यंत्र मुकाट्यानं चालायला लागलं. हापिस थोडं उदास झालं, एवढंच.

उन्हाळ्यात लग्न झालं. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला न गेलेले केशवराव एसटीनं एकोडीला गेले आणि मांडवात नवरदेवाकडे टक लावून बसले. मुलगा चांगला दिसत होता. वाकून पाया पडला, आग्रहानं बुंदी वाढली. केशवरावांनी त्याचे डोळे पाहिले, तो आईशी कसा बोलतो ते ऐकलं, जवळ आला तेव्हा हळूच वासही घेऊन पाहिला. कृष्णरावांना काय खटकलं असेल?

"साहेब, जेवत काहून नाही?" पुष्पाबाईंनी विचारलं. किती तरी दिवसांनी त्या हसत होत्या.

"जेवतोय ना," ते म्हणाले.

त्यानंतर खाणीतून मशीनच्या तक्रारीचा फोन आला की केशवराव आधी तुळसाची खुशाली विचारत. गोपीचंद पलीकडून ओरडायचा, "मजेत हाय, साहेब!" मग केशवराव हातातला रिसीव्हर दुसऱ्या हातात घेत, तळवा पँटला पुसत, आणि मशीनला काय झालंय ते विचारत.