चार टवक्यांची किटली

मी एक जुनी कॉफीची किटली आहे. निळ्या एनॅमलची, चार टवके उडालेली. बेल्जियममधल्या गेल नावाच्या गावात, आखिल शेतकऱ्याच्या चुलीवर माझं आयुष्य गेलं. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथल्या भट्टीची धग सोडून मला काही आठवत नाही, म्हणून ते राहू द्या. मित्रांनो, मी टवक्यांपासून सुरुवात करते.

पहिला टवका.

आखिल आणि गोदेलीव्हबाईंच्या लग्नात मी या घरात आले. त्याच वर्षी कपड्यांची पेटी घेऊन फिर्मिन आला. आमच्या गावात ही जुनी रीत आहे. मनोरुग्णांचा दवाखाना ज्याला धाडतो, त्याला घरात खोली, ताटात वाटा आणि शेतावर काम मिळतं. आजार कोणता, हे कोणी विचारत नाही. फिर्मिनच्या कागदावर स्किझोफ्रेनिया असं लिहिलं होतं. बाईंनी तो कागद घडी करून कपाटात टाकला, तो टाकलाच.

पहिल्याच आठवड्यात त्याला वाटलं, कॉफीत कोणीतरी काहीतरी कालवलंय. त्याने मला भिंतीवर भिरकावलं. बाईंनी मला उचललं, नवी कॉफी केली आणि आधी स्वतः प्यायल्या. झालं. पुढची एकतीस वर्षं तो याच टेबलाशी जेवला.

चुलीच्या नळकांड्यात माणसं राहतात आणि त्याच्याशी बोलतात, असं तो सांगे. बाई म्हणत, "हो का? बरं. घे, पाव घे." वाद नाही, हसणं नाही. बाईंना ही युक्ती सासूने शिकवली होती आणि सासूला तिच्या सासूने. परदेशातले डॉक्टर येऊन या टेबलाचे फोटो काढत. एका फोटोत मीही आहे, जरा तिरकी.

दुसरा टवका मांजराने उडवला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तिसरा टवका.

योरिस हा घरातला एकुलता मुलगा. फिर्मिनच्या खांद्यावर बसून वाढलेला. लाकडाच्या वखारीत कामाला जायचा, शिट्टी वाजवत यायचा. तेविसाव्या वर्षी शिट्टी थांबली. मग जेवण सुटलं, मग दाढी, मग वखार. दिवसभर वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. एका सकाळी खाली आला, मला उचललं आणि कपापर्यंत नेण्याआधीच हात गळाला. मी फरशीवर आपटले. तो सांडलेल्या कॉफीकडे नुसता बघत राहिला.

"वा रे राजे!" आखिल ओरडला. "आता कॉफीपण आम्हीच पाजायची का? या घरात एक पाहुणा पुरे आहे."

मित्रांनो, याला नैराश्य म्हणतात. तो आळस नाही, आजार आहे. आमच्या गावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे आजारी माणूस दवाखान्यातून येतो. त्याच्या हातात पेटी असते, सोबत कागद असतो. तो आपल्याच घराच्या जिन्यावरून खाली उतरत नाही.

फिर्मिनला मात्र कळलं.

"बाई, योरिसला हाका मारून उठवू नका. तो झोपलेला नाही. त्याच्यात उठायला कोणी उरलेलं नाही."

"हो का? बरं. घे, पाव घे."

"हे नळकांड्यातले म्हणत नाहीत. मी म्हणतोय. मी, फिर्मिन."

"हो रे बाबा, तूच म्हणतोयस," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याचा हात मायेने थोपटला आणि पावाला लोणी लावलं.

महिन्याच्या ठरलेल्या गुरुवारी दवाखान्याची नर्स मोपेडवरून आली. फिर्मिनने शर्टाची वरची गुंडी लावली होती, केस पाणी लावून बसवले होते.

"काय फिर्मिन, आज लग्नाला निघालात की काय?"

"मला तपासू नका, ताई. वर जा. मुलगा बुडतोय."

नर्सने बाईंकडे पाहिलं. "घरचे सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत," बाई म्हणाल्या. "हाच जरा अस्वस्थ आहे या दिवसांत."

नर्सने ते लिहून घेतलं. फिर्मिनच्या गोळ्या वाढल्या. त्याची जीभ जड झाली, मान छातीवर पडू लागली. तीन आठवडे तो टेबलाशी बसून राहिला आणि त्याच्या तोंडून एक सबंध वाक्य निघालं नाही.

त्या तीन आठवड्यांत योरिस गेला.

कसा गेला ते मी सांगणार नाही. पाद्रीबाबांनी अपघात म्हटलं, गावाने अपघात म्हटलं. शेजारणींनी तांदळाच्या खिरीचे गोड केक आणून दिले. फिर्मिनला कोणी काही विचारलं नाही.

चौथा टवका माझा मीच उडवून घेतला, असं म्हणा. बाईंच्या हातात होते, तिथून निसटून फरशीवर पडले. समोर फिर्मिन पेटी बांधत होता. बाईंनीच दवाखान्याला कळवलं होतं, याला आता दुसरीकडे ठेवा. तो चुकला म्हणून नाही. तो समोर बसला की त्यांना घास उतरत नसे.

"फिर्मिन, मी तुझं सगळं ऐकत आले ना रे? एकतीस वर्षं?"

त्याने पेटीच्या दोरीला शेवटची गाठ मारली.

"तुम्ही माझ्याशी फार चांगल्या वागलात, बाई," तो म्हणाला आणि दाराबाहेरच्या गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या घरी तो टिकला नाही. दवाखान्यात परतला आणि तिथेच संपला, असं नर्स पुढे एकदा अंगणात उभ्याउभ्या सांगून गेली. आमच्या घराने पुन्हा कोणाला ठेवून घेतलं नाही. शेजारच्या दोन घरांनीही नाही म्हटलं. मला कोठारात ठेवलं. माझ्यात आता गंजलेले खिळे आहेत.

मित्रांनो, मायाळू माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांचं मला आता फारसं कौतुक राहिलेलं नाही. तुमच्या घरात कोणाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर त्याला जपा. पण तो बोलला की त्याच्या हातात पाव देऊन मोकळे होऊ नका. जिना चढून वर जा आणि एकदा बघून या. खाट रिकामी व्हायच्या आत.