पाव अंशाचा पीळ

मावशी वेधशाळेच्या कार्यशाळेत फिटर होती. शाळा नववीत सुटली, पण दुर्बिणीतलं नाजूक यंत्र बसवावं तर तिनंच, असं वरच्या मजल्यावरचे डॉक्टर झालेले लोकही म्हणत. मात्र कुणी साधा स्क्रू फिरवून वहीत नोंद केली नाही, की त्याची खैर नसे.

त्या वरच्या मजल्यावर तिची सख्खी भाची संशोधन करत होती. विश्वाच्या बाळपणीचा उजेड, आता गारठून सूक्ष्मलहरी झालेला, आकाशातून चहूकडून येत असतो. तो कोणत्या दिशेनं डोलतो, हे दुर्बीण मोजायची. वाटेत चुंबकत्व भेटलं तर त्या दिशेला किंचित पीळ बसतो. भाचीला तो सापडला होता: पाव अंश. म्हणजे पहिली चांदणी उजळायच्या आधीपासून अवकाशात चुंबकत्व होतं! लेख संध्याकाळी धाडायचा होता. तिच्या आईनं सकाळीच निम्म्या गोतावळ्याला फोन करून विश्वाच्या जन्माची बातमी दिली होती. एका काकूंनी मुलगा की मुलगी, असंही विचारलं होतं.

दुपारी भाची चहा घेऊन खाली आली आणि तिनं आकडा सांगितला. मावशीनं कौतुकानं घोट घेतला, आणि आकडा पुन्हा एकदा सांगायला लावला.

यंत्राचा डबा खाचेत खुंटी घालून बसतो. गेल्या वर्षी ती खुंटी खुळखुळत होती, म्हणून मावशीनं मिलिमीटरभर जाडीची पत्र्याची पट्टी कापून एका बाजूला ठोकली. एवढ्याशा पट्टीचं काय लिहायचं, म्हणून लिहिलं नाही. खाच डब्याच्या मध्यापासून वीतभर लांब. तिथं मिलिमीटर सरकला तर डबा किती फिरतो, याचा हिशोब करायला तिला कागद लागत नव्हता.

गप्प बसणं सोपं होतं. डबा उघडून बघणार कोण? शिवाय या पोरीच्या हातात पहिला पाना तिनंच दिला होता.

"चुंबकत्वाचा पीळ सगळ्या लहरींना सारखाच बसतो का गं?"

"नाही. लांब लहरींना जास्त, आखूड लहरींना कमी."

"आणि डबाच तिरका बसला असेल तर?"

भाचीनं कप खाली ठेवला. "तर सगळ्यांना सारखा. का?"

मावशीनं पट्टीचं सांगितलं. सबब एकही सांगितली नाही. भाचीनंही कबूल केलं, की आखूड लहरींचे आकडे तपासून व्हायचे होते. घाई तिलाही झालीच होती.

दोघी वर गेल्या. तासाभरानं पडद्यावर आखूड लहरींची रेघ उमटली आणि लांब लहरींच्या रेघेवर जाऊन बसली. पाव अंश, जसाच्या तसा.

भाचीनं लेखाचं शीर्षक खोडलं. पट्टीचा पीळ वजा केल्यावर दोन रेघांत जे अंतर उरेल, त्यावरून चुंबकत्व फार तर किती असू शकतं, एवढं तरी सांगता येईल, असं ती पुटपुटली. आईला काय सांगायचं, हे दोघींनी एकमेकींवर ढकललं.

"मावशी, पट्टी नक्की किती जाड होती?"

"मिलिमीटर."

"असं नाही चालायचं. दशांशानंतर तीन घरं हवीत."

मावशी खाली आली. उरलेला पत्रा खणात होताच. ती काही टाकत नसे. तो तिनं तीनदा मोजला. मग वही उघडली, गेल्या वर्षीचं पान काढलं, आणि समासात आजची तारीख घालून लिहायला बसली.