चंद्रतालच्या दिवशी

हंबीररावांनी आपल्या घरी सहलीच्या ग्रुपसमोर हिमाचलातल्या स्पितीचा नकाशा चटईवर पसरला, कोपरे वळू नयेत म्हणून त्यावर चहाचे कप ठेवले आणि चंद्रतालवर बोट टेकवलं. तळं नेमकं कुठं आहे ते पाहायला माई पुढे वाकल्या. त्यांना ते दिसण्याआधीच त्या दिवसाचा बेत ठरून गेला होता.

तंबू तळ्याच्या बरेच अलीकडे पडणार. पुरुष मंडळी सकाळी तिथून चालत तळ्याकडे जातील आणि कडकडून भूक लागून परततील. म्हणून माई आणि हंबीररावांच्या पत्नी बायडाबाई तंबूपाशी थांबून स्वयंपाक करतील. परमुलखातलं जेवण पेठेतल्या माणसांना मानवत नाही, हे राजस्थानात एकदा कळून चुकलं होतं. तेव्हापासून ग्रुपच्या प्रत्येक सहलीला शेगडी, कुकर आणि घरची कांदा-लसूण चटणी बरोबर जायची.

“माईंच्या हातचं पिठलं आणि हिची भाकरी,” हंबीरराव म्हणाले. “त्या थंडीत माणूस आणि काय मागंल?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायडाबाई चहाचा रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.

माईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अंबादास सर कॉलेजातले निवृत्त ग्रंथपाल. ही सहल मुळात त्यांच्याच वाचनातून निघालेली. वर्षभर संध्याकाळी ते माईंना त्या मुलखाबद्दल वाचून दाखवत होते. गुडघ्यांना सवय व्हावी म्हणून माई दर रविवारी जोतिबाच्या पायऱ्या चढत होत्या, त्या काही तंबूपाशी बसायला नव्हे.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कुणाकडेही न बघता म्हणाले,

“मी थांबतो तंबूपाशी. हिला जाऊ दे.”

हशा पिकला. सरांना गॅस पेटवता येतो का, असं कुणीतरी विचारलं. हंबीररावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीत ड्रायव्हरशेजारी कुणी बसायचं यावर वाद सुरू झाला.

घरी जाताना माई पुढे चालत होत्या. सरांना वाटत होतं, त्या काहीतरी बरं बोलतील. वळणावर तेच म्हणाले, “मी बोललो तरी.”

माई थांबल्या.

“तुम्हाला थांबायचं सुचलं. त्यांनी आपलं आपण शिजवून खावं, हे नाही सुचलं. आणि तुम्हाला नाही का बघायचं तळं? का ‘तुझ्यासाठी थांबलो’ म्हणून जन्मभर मला ऐकवायला हवंय?”

सरांच्या मनात आलेलं प्रत्येक वाक्य त्यांना कुठंतरी वाचल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर माईंनी चप्पलही न काढता बायडाबाईंना फोन लावला. सर पुस्तक उघडून बसले, पण पान उलटलं नाही.

“बायडाबाई, खरं सांगा. तळ्यापर्यंत जायचंय का तुम्हाला?”

पलीकडून आलेला आवाज सरांनाही ऐकू गेला.

“मला कुणी इचारलंच न्हाय की, माई.”

“मी विचारतेय.”

एवढं बोलून माई फोन घेऊन आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव दारात उभे. या म्हटलं तरी आत येईनात. त्यांनी गल्लीत मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“सर, पिठलं येतंय का तुम्हाला?”

“नाही.”

“मला बी न्हाय.” ते चौकटीला टेकले. “हिनं सांगितलंय, आमी बी तळ्यावर येणार, तवा शिकून घ्या, न्हायतर तिकडं मिळंल ते गप खावा. माई दावतील का जरा?”

सर बाजूला झाले. दोघं आत गेले. ओट्यावर बेसनाचा डबा काढून ठेवलेला होता, शेजारी कढई. माई खिडकीपाशी पेपर वाचत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.